यमुनेची आनंदी, यमुनेची रमा

एकोणिसाव्या शतकातल्या ज्या मराठी स्त्रिया आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, त्यांतल्या दोघी जन्माने यमुना होत्या. १८६५ साली जन्मलेली जोशांची यमुना वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न होऊन आनंदी झाली आणि १८८६ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. कुर्लेकरांच्या यमुनेचं लग्न १८७३ मध्ये महादेव गोविंद रानड्यांशी झालं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ती रमा झाली. पुण्याच्या सेवासदनाची, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिणारी रमाबाई रानडे ती हीच. आनंदीबाई आणि रमाबाई ही नावं आपण आदराने घेतो. त्यामागची यमुना मात्र चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात, ‘माहेरचं नाव’ म्हणून एकदाच येते आणि तिथेच संपते.

अशी उदाहरणं शोधत दूर जावं लागत नाही. झाशीची राणी माहेरी मनकर्णिका तांबे होती. ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिकाही माहेरी मनकर्णिका, गोखल्यांची मनू. दोघीही सासरी लक्ष्मी झाल्या. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई जन्माने तापी. बाळ गंगाधरांचं मूळ नाव केशव, म्हणजे कृष्ण, त्यामुळे पत्नी सत्यभामा. ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिकेचे पती ना. वा. टिळक, त्यांचं नाव नारायण, म्हणून पत्नी लक्ष्मी. या जोड्यांत एक हिशेब दिसतो. नवऱ्याचं नाव जागचं हलत नाही आणि बायकोचं नाव त्याला जुळवून घेतलं जातं.

एखाद्या मुलीच्या नावाचा उगम, अर्थ आणि लोकप्रियता यांबद्दल लिहायला बसलं की मराठीत ही अडचण लगेच समोर येते. यमुना हे नाव किती लोकप्रिय होतं, हे कसं सांगायचं? बारशाला किती जणींना मिळालं ते, की म्हातारपणापर्यंत किती जणींकडे उरलं ते? हे दोन आकडे फार वेगळे असणार आणि त्यांच्यातल्या अंतराविषयी मला बोलायचं आहे.

यमुना घरोघरी होती, एवढं मात्र साहित्यावरून खात्रीने म्हणता येतं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. ती १८५७ ची. विधवांची दैना सांगण्यासाठी त्यांनी जी नायिका घेतली तिचं नाव यमुना. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिली, तेव्हा आपली कहाणी सांगणारी मुलगी पुन्हा यमूच. कुठल्याही आळीत सापडेल अशा मुलीची गोष्ट सांगणारा लेखक आडवळणाचं नाव निवडत नाही. दोन पिढ्यांतल्या दोन लेखकांना एकच नाव सुचावं, यात त्या नावाचा प्रसार दिसतो.

महाराष्ट्रातून यमुना वाहत नाही, तरी ती इथल्या पाळण्यात आली ती मुख्यतः स्नानाच्या तांब्यातून. आंघोळीच्या आणि पूजेच्या पाण्यात सात नद्यांना आवाहन करण्याची चाल आहे: गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. ही सातही मराठी मुलींची नावं आहेत. आपल्या आजी-पणजींच्या यादीत यांतल्या तीन-चार तरी सापडतातच. त्यांच्या जोडीला कृष्णा, भीमा, तापी आल्या, भागीरथी आली. मुलाला नारायण म्हणावं म्हणजे हाक मारता मारता देवाचं नाव तोंडी येतं, हा जुना विचार आपल्याला माहीत आहे. मुलीला यमुना म्हणण्यामागेही तीच श्रद्धा होती. परसातून मुलीला हाक मारली तरी एका तीर्थाचं स्मरण होत असे. काशी-प्रयागला जाणं ज्यांना आयुष्यात जमणार नव्हतं, त्यांच्या घरात ती तीर्थं अशी नांदत होती. ही नावं साधी होती, पण ती ठेवणाऱ्यांच्या मनात मुलीबद्दल काहीच नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल.

यमुनेची कथाही मोठी जिव्हाळ्याची आहे. ती सूर्याची मुलगी आणि यमाची जुळी बहीण. ‘यम’ या शब्दाचा एक जुना अर्थच जुळा असा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली यमी आणि पुराणातली यमुना यांची पुढे एकच गोष्ट झाली. कलिंद पर्वतावरून आली म्हणून ती कालिंदी, आणि हेही मुलींचं नाव आहेच. पण मराठी घराला यमुना सगळ्यात जवळची वाटते ती यमद्वितीयेमुळे. त्या दिवशी यम बहिणीकडे जेवायला गेला, म्हणून आपण भाऊबीज करतो. सासरी लक्ष्मी, रमा किंवा आनंदी झालेल्या बाईला ‘यमू’ म्हणून हाक मारणारा माणूस वर्षातून एकदा तिच्या दारात येत असे तो बहुधा याच दिवशी. जन्मनाव बोलण्यातून टिकलं ते माहेरच्यांच्या तोंडी, आणि ती माणसं जसजशी गेली तसतसं तेही गेलं.

शास्त्राचा आधार घ्यायचा तर तिथेही मौज आहे. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो की स्त्रीचं नाव उच्चाराला सोपं, अर्थ उघड असणारं, कानाला गोड, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारं असावं. यमुना या सगळ्या कसोट्यांना उतरते. तिसरा अध्याय मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांच्या नावाची मुलगी बायको म्हणून करू नये असं बजावतो. म्हणजे ग्रंथाचं अक्षरशः ऐकायचं ठरवलं असतं तर गंगा, यमुना, गोदावरी, तापी यांची लग्नंच झाली नसती. लोकांनी तो निषेध सरसकट बाजूला ठेवला आणि मुलींना नद्यांची नावं देत राहिले. ‘आपल्यात अशीच पद्धत आहे’ हे वाक्य चर्चा थांबवायला वापरलं जातं, तेव्हा मला हे उदाहरण आठवतं. आपल्या आधीच्या माणसांनी न पटलेलं शास्त्र शांतपणे मोडलं होतं.

आता नाव देण्याचे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिलं बारसं. पाळणा सजवलेला, घुगऱ्या वाटायला काढलेल्या, बाळ पाळण्याच्या वरून आणि खालून या हातातून त्या हातात जातं, मग आत्या पाळण्यात वाकून कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत हलकेच थापट्या मारतात. नाव कोणी सुचवलं, राशीवरून कुठलं अक्षर आलं, हे सगळं असलं तरी ते उच्चारण्याचा पहिला मान एका बाईचा असतो, आणि भोवतीही बहुतेक बायकाच असतात.

दुसरा प्रसंग लग्नानंतरचा. माप ओलांडून नवरी आत आली की लक्ष्मीपूजन. ताटात तांदूळ पसरलेले. नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात एक नाव लिहितो. ते नाव काय असणार हे तोवर गुपित ठेवलेलं असतं आणि नवरीला ते कळतं इतरांबरोबरच, ताटात वाकून वाचताना. त्यावर हळदकुंकू वाहिलं जातं, नाव मोठ्याने सांगतात, पेढे वाटतात. फोटोग्राफर ताटाचा जवळून एक फोटो घेतो. थोड्या वेळाने ते तांदूळ डब्यात परत जातात आणि अक्षरं मोडतात. नाव मात्र त्या बाईला जन्मभर लागू होतं. जिला ते वागवायचं, तिचं या सगळ्यात एकच काम असतं: हसून ते वाचणं.

एवढ्या समारंभाने ठेवलेलं हे नाव जुन्या घरांत वापरात किती यायचं? नवरा ‘अगं’ म्हणे. दीर वहिनी म्हणत, पुतणे काकू म्हणत, सासूच्या तोंडी ‘सूनबाई’. मुलं झाल्यावर ती अमक्याची आई. नाव लागत होतं ते पूजेच्या संकल्पाला, पत्रिकेवर आणि शेवटी तेराव्याच्या कार्डावर. मग ते बदलण्याचा आटापिटा कशासाठी होता? माझ्या मते नव्या नावाची गरज नव्हतीच. गरज होती जुनं काढून घेण्याची. दहा-अकरा वर्षांची मुलगी नव्या घरात आणायची, तिचं मागचं सगळं सुटावं आणि ती लवकर रुळावी, यासाठी जे उपाय होते त्यांतला हा सगळ्यात आतवर पोचणारा. जात्यावर किंवा विहिरीवर ‘यमू’ अशी हाक कानावर आली तरी ती आपल्यासाठी नाही, हे त्या मुलीने शिकायचं होतं. ही चाल सगळ्या जातींत सारखी नव्हती. पांढरपेशा घरांत ती अधिक घट्ट होती आणि तिथूनच ती प्रतिष्ठेची म्हणून इतरत्र पसरली.

आमच्या घरी पितळेचा एक मोठा डबा आहे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एक नाव आहे, अक्षरं जरा तिरपी, शेवटचा काना झिजलेला. आम्ही नातवंडं तो डबा कुणाचा म्हणून विचारायचो आणि ‘आजीच्या माहेरचा’ एवढंच उत्तर मिळायचं. ते कोरलेलं नाव आजीचंच होतं, तिच्या आईने भांडं देताना हौसेने घालून घेतलेलं, हे आम्हांला ती गेल्यानंतर तिच्या धाकट्या बहिणीने सांगितलं. ज्या नावाखाली आम्ही तिला ओळखत होतो, ज्या नावाने तिचा फोटो भिंतीवर आहे, ते तिला चौदाव्या वर्षी मिळालेलं होतं. तिला कुठलं नाव आपलं वाटत होतं, हे विचारायचं आमच्या मनातही आलं नाही.

याचा परिणाम एका घरापुरता राहत नाही. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची चांगली परंपरा आहे. पुरुषांच्या दहा-बारा पिढ्या त्यात नीट लावलेल्या असतात. बायकांची वेळ आली की काही वृत्तांतांत माहेरचं नाव दिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी नुसतं माहेरचं आडनाव आणि गाव. एकाच मुलीचा माग दोन कुळांच्या पुस्तकांतून काढायचा तर एका पुस्तकात ती यमुना असते आणि दुसऱ्यात रमा. दोन्ही एकच, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. आनंदीबाईंची गोष्ट या बाबतीत विलक्षण आहे. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही जोशीच. म्हणजे लग्नात आडनाव बदललं नाही, जे बदललं ते फक्त त्यांचं स्वतःचं नाव आणि बापाच्या जागी आलेलं नवऱ्याचं नाव. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांच्या सन्मानार्थ नाव दिलं आहे, आणि तेही ‘जोशी’. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना नामवंत स्त्रियांची आडनावं आणि लहान विवरांना स्त्रियांची पहिली नावं देण्याचा संकेत आहे. त्यामुळे यमुनाही तिथे नाही आणि आनंदीही नाही.

या चालीच्या बाजूने बोलणारी माणसं मला भेटतात आणि ती दुष्ट नसतात. कुणी सांगतं, घरात आधीच त्या नावाची जाऊ होती, घोटाळा झाला असता. कुणी म्हणतं, नव्या आयुष्याला नवं नाव, त्यात प्रेम आहे. काही बायका स्वतःच सांगतात की माहेरचं नाव जुनाट होतं, ते गेलं ते बरं झालं. जावेच्या नावाचा मुद्दा लगेच निकालात निघतो: एका घरात दोन जावयांच्या नावात घोटाळा होईल म्हणून जावयाचं नाव कोणी बदललेलं नाही. दोन जावई एकाच नावाचे असले तर गावावरून ओळखले जातात आणि काम भागतं. प्रेमाचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. गोपाळरावांचा बायकोला शिकवण्याचा हट्ट खराच होता, त्याच्या जाचासकट. महादेवरावांनी रमाबाईंना शिकवलं, घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकवलं. या पुरुषांनी दिलेल्या नावांनीच या स्त्रिया कर्तृत्ववान झाल्या. म्हणून आता मागे जाऊन आनंदीबाईंना यमुनाबाई म्हणण्यात काही अर्थ नाही. ज्या नावाने त्यांनी काम केलं ते त्यांचं झालं. माझा आक्षेप नावाला नाही. तो त्या क्षणी त्यांना कोणी विचारलं नाही, याला आहे.

कारण नाव बदलणं हीच मुळात वाईट गोष्ट असती, तर साताऱ्यात जे घडलं ते वाईट म्हणावं लागलं असतं. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिचं नाव ‘नकुशी’ ठेवलं गेलं, अशा अडीचशेहून अधिक मुलींना सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये नवी नावं मिळाली. त्यांतल्या अनेकींनी ती स्वतः निवडली होती. बारशाला मिळालेलं नाव पवित्रच असतं असं नाही, हे नकुशीने आपल्याला कायमचं सांगून ठेवलं आहे. आणखी मागे जायचं तर बाळूताई खरे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करताना त्यांनी ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेतलं. पुस्तकाने केवढा गदारोळ उडाला आणि ही विभावरी कोण याचा शोध किती दिवस चालला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. लग्नानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. तिन्ही नावांत वाचकांनी जपलं ते विभावरी. बाईने स्वतःसाठी घेतलेलं नाव किती टिकाऊ असतं याचा यापेक्षा चांगला दाखला मला मराठीत माहीत नाही.

पंडिता रमाबाई तर नावानिशी जन्मापासून रमाच होत्या, आणि १८८० मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न केल्यावरही रमाच राहिल्या. त्यांच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई, नातूंची बालविधवा सून. गोदू हे गोदावरीचं घरगुती रूप. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि सगळा समाज उलटला. मुरूड या त्यांच्या गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. एवढी मोठी रूढी मोडणाऱ्या त्या लग्नातही एक रूढी तशीच राहिली: गोदूची आनंदी झाली. म्हणजे नाव बदलण्याची सवय इतकी खोल होती की सुधारकालाही ती सवय म्हणून जाणवली नाही. महाराष्ट्राने मात्र त्यांना आनंदीबाई म्हणून फारसं ओळखलंच नाही. त्या ‘बाया’ कर्वे. बाया हे नाव लोकांनी मायेने दिलं आणि तेच चाललं.

याच बायांच्या घरात पुढे सून आली. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या या मुलीला वडिलांनी तिथल्या नदीचं नाव दिलं होतं. आंघोळीच्या तांब्यात जिला कोणी बोलावत नाही, जिच्या काठी मराठी माणसाचं एकही तीर्थ नाही, अशी ती नदी. दिनकर कर्व्यांशी लग्न झाल्यावरही त्या इरावतीच राहिल्या आणि त्याच नावाने ‘युगान्त’ लिहिलं. सासू गोदावरी होती, ती आनंदी झाली. सून इरावती होती, ती इरावती राहिली. एका पिढीत, एकाच घरात हा बदल झाला आणि त्यासाठी कुणाला परिषद भरवावी लागली नाही, ठराव करावा लागला नाही. नाव बदललं नाही, इतकंच.

कर्व्यांच्या घरात जे झालं ते सगळीकडे झालं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने डॉ. आंबेडकरांशी लग्न झाल्यावर डॉ. शारदा कबीर सविता झाल्या. आजही कार्यालयांत तांदळाचं ताट मांडलं जातं. फरक एवढाच पडला आहे की बऱ्याच ठिकाणी आता नवरा बायकोचं आहे तेच नाव लिहितो. हे चांगलं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण जिथे नवं लिहिलं जातं, तिथे त्याची किंमत आता हाकेपुरती राहत नाही. पदवीच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. मग राजपत्रात जाहिरात, प्रतिज्ञापत्र, कचेरीच्या खेपा. वारसा सांगायची वेळ आली की ‘ही आणि ती एकच’ असं शपथेवर लिहून द्यायचं. लग्नानंतर मुलीने नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कोणताही कायदा नाही. हे मुलींना शाळेतच सांगायला हवं. आडनावाबद्दलही तेच.

यमुना आता पाळण्यात क्वचित येते. तिचं ‘यमी’ हे रूप थट्टेचं झालं आणि नावच जुनं ठरलं. नद्या मात्र गेलेल्या नाहीत. नर्मदा नाव ठेवायला कचरणारे आईबाप त्याच नदीचं ‘रेवा’ हे नाव आवडीने ठेवतात. नावांची आवड अशी पिढीपिढीने फिरते आणि तिच्याविषयी तक्रार करण्यासारखं काही नाही. यमुना गेली ती फॅशनमुळे, आणि ते मला मान्य आहे. ज्या यमुना जिवंतपणीच पुसल्या गेल्या, त्यांचं दुःख वेगळं आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने वडिलांच्या नावाआधी आईचं नाव सक्तीचं केलं आहे. निर्णय उत्तम आहे. मात्र त्या रकान्यात आईचं कुठलं नाव जाणार, हे तिच्या लग्नाच्या दिवशीच ठरून गेलेलं असू शकतं. म्हणून ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांना माझी विनंती आहे: ताट मांडायचंच असेल तर त्यात तिचं नाव तिला लिहू द्या. आणि ज्यांच्या घरी आजी, मावशी, आत्या अजून आहेत, त्यांनी या आठवड्यातच त्यांना जन्मनाव विचारून वंशावळीत दुसऱ्या नावाशेजारी तेही लिहून ठेवावं.